विषुववृत्तापलीकडची मृगबाग

मी पदविकावाली. विद्यापीठात ज्याच्या नावाआधी डॉक्टर लागत नाही त्याला बैठकीत खुर्चीसुद्धा भिंतीकडेची मिळते, आणि मी तर शेतातली, माझ्यापर्यंत बैठका पोचतच नव्हत्या. जळगावहून यावलकडे जाताना आमच्या सरकारी विद्यापीठाचं संशोधन प्रक्षेत्र लागतं. तिथं केळीच्या विभागात मी पंधरा वर्षं सहायक होते. रोप का पिवळं पडलं, घड का आखूड आला, हे मला विचारायचं आणि मी सांगितलेलं इंग्रजीत लिहून परिषदेत वाचायचं, ही आमच्याकडची रीत. मला राग यायचा, आणि मी तो गिळणाऱ्यातली नाही. माझं तोंड फाटकं आहे हे प्रक्षेत्रावर सगळ्यांना माहीत होतं, म्हणून साहेबसुद्धा मला काही सांगायचं झालं तर आधी चहा मागवायचे.

अशा मला परदेशी जायचा हुकूम मिळाला.

विद्यापीठानं आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर आपली शाखा काढली होती. बाहेरची विद्यापीठं आपल्याकडे येणार, येणार, हे आपण पेपरात वाचतो. इथं धुळ्याला मुख्य कार्यालय असलेलं आमचं विद्यापीठ समुद्र ओलांडून गेलं. इमारत तिकडच्या सरकारची, अभ्यासक्रम आपला, पदवी आपली. बेटावर केळी घरोघर खातात, म्हणून पहिला अभ्यासक्रम केळीचा ठरला. पहिल्या तुकडीत सोळा मुलंमुली होती. वर्गात शिकवायला धुळ्याचे डॉक्टर लोक पाळीपाळीनं जाणार होते, पण प्रात्यक्षिकाला असा माणूस हवा होता जो दोन वर्षं तिथं राहील आणि मुलांबरोबर चिखलात उतरेल. डॉक्टर लोकांनी एकमेकांची तोंडं पाहिली आणि माझं नाव निघालं.

ते कसंही निघालेलं असो, मला हवं होतं. खूप हवं होतं. प्रक्षेत्र सहायक म्हणून नाही, तर 'शिक्षिका' म्हणून. हुकुमात तसं छापलं होतं आणि मी तो शब्द दिवसातून चारदा वाचायचे. पासपोर्ट काढला, चौकशीला पोलीस घरी येऊन गेला, गल्लीत बातमी पसरली. समोरच्या वहिनी विचारायला आल्या की तिकडे थंडी किती असते. माझी सासू भडगावची, बोलणं अजून गिरणाकाठचं, अहिराणी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परदेशमा जाईसन बी आपलंच सरकारी कालेज? मंग आठे काय वाईट शे?" मी म्हटलं, "इथं मला बाई म्हणतात, तिथं मॅडम म्हणतील." त्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी दिवाळीनंतर निघणार होते, पण बाग त्याआधीच उभी राहायला हवी होती, म्हणजे मी जाईन तेव्हा मुलांना शिकवायला हाताशी झाडं असतील. साहेबांनी चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, लागवडीची सगळी योजना तुम्ही लिहून काढा. खड्ड्यापासून निसवणीपर्यंत." निसवण म्हणजे झाडातून घड बाहेर पडणं, केळीवाल्याच्या घरी त्या दिवसाचा आनंद वेगळाच असतो. मी चाळीस पानी वहीत सगळं उतरवलं. मराठीत. कोणत्या महिन्यात काय करायचं, ठिबक कधी सोडायचं, कधी बंद करायचं, बुंध्याशी फुटणारी पिलं कधी कापायची, वाऱ्याला आडोसा कुठल्या बाजूला लावायचा. पंधरा वर्षं हातांनी जे केलं ते सगळं त्या वहीत आलं, आणि खरं सांगते, मला ती वही फार आवडली होती. साहेबांनी तिचं इंग्रजी केलं, सहा जणांनी वाचून सह्या केल्या, आणि वर साहेबांचं नाव घालून ती बेटावर गेली. मी विचारलंच, "माझं नाव कुठंय?" साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतःच चाललाय की तिकडे, आता नावाचं काय घेऊन बसलात?" जाण्याच्या आनंदात मी तेही सोडून दिलं.

रोपं आमच्याकडचीच गेली. आमच्या टिश्यूच्या खोलीत, म्हणजे जिथं बाटल्यांमध्ये केळीची बारीक रोपं वाढवतात तिथं, एक अक्का होत्या. यावलजवळच्या गावच्या, बोलताना 'ळ'चा 'य' करणाऱ्या, शिक्षण सातवी, पण हात असा की बाटलीतलं रोप चिमट्यानं उचलताना त्याचं मूळ कधी दुखावलं नाही. मला काम त्यांनीच शिकवलं. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. बाटल्या त्यांनी स्वतः भरल्या, विमानानं त्या गेल्या, तिकडच्या मुलांनी अक्कांचा व्हिडिओ बघून बघून रोपं हिरव्या जाळीखाली वाढवली आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात शेतात लावली. आमच्याकडे त्या लागवडीला मृगबाग म्हणतात. मृगाचा पाऊस पडला की लावायची ती मृगबाग. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

दर बुधवारी सकाळी अकराला मी फोनवर तिकडची बाग बघायचे. माझं इंग्रजी भुसावळपर्यंत जातं, पुढे गाडी बदलावी लागते. पण त्या तुकडीत एक मुलगी होती, हिंदी सिनेमे बघून बघून हिंदी बोलणारी. ती माझं हिंदी समजून घ्यायची आणि मी तिचं. फार शिस्तीची मुलगी. इंग्रजी योजनेची प्रत सतत तिच्या हातात, प्रत्येक ओळीपुढे काम झाल्याची खूण. अशी विद्यार्थिनी मिळाली म्हणून मी अक्कांपाशी मिरवायचे.

जुलै संपताना पानांच्या कडा करपायला लागल्या. ऑगस्टमध्ये पानं फाटून चिंध्या झाल्या, आणि मग रोपं एकेक करून माना टाकायला लागली. साहेबांनी फोटो बघितले आणि म्हणाले, "रोपं खराब." विद्यापीठात अशी बातमी पसरायला वाऱ्याचीही गरज लागत नाही. धुळ्याहून पत्र आलं: शाखेतली पहिली बाग अपयशी ठरत असल्यानं चौकशीची बैठक होईल, आणि तोपर्यंत माझा हुकूम स्थगित. पत्र मी उभ्याउभ्या वाचलं आणि नंतर ठिबकच्या नळ्यांच्या ढिगावर जाऊन बसले.

दोन दिवसांनी साहेबांनी चहा मागवला.

"बाई, एक साधा कागद लिहून द्या. रोपांमध्ये बाटलीतूनच दोष होता, असं तुमचं निरीक्षण आहे म्हणून. मी पुढे पाठवतो. दोषी रोपं गेली तर त्यात तुमची काय चूक? तुमचा हुकूम सुटेल."

"आणि अक्का?"

"त्या निवृत्तच होतायत. त्यांना आता काय फरक पडणार?"

मी चहा तसाच ठेवून उठले. पण खोटं कशाला बोलू, तो कागद मी मनातल्या मनात लिहून पाहिला. एकदा नाही, बऱ्याचदा. बसमध्ये, भाकरी थापताना. मला वाटायला लागलं होतं की कोण जाणे, खरंच बाटलीतच काही झालं असेल, अक्कांचेही डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. माणसाला जे हवं असतं त्याच्या बाजूनं पुरावे लगेच सापडतात. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पुढचा बुधवार आला. बैठकीला सहा दिवस होते. त्या मुलीनं फोन हातात धरून मला बागेतून फिरवलं. नेहमी ती रोप जवळून दाखवायची. त्या दिवशी मीच तिला म्हटलं, फोन जरा वर धर, मला सगळी बाग एकदम बघू दे. तिनं फोन वर धरला.

आभाळ निळंशार होतं. ऑगस्टच्या मध्यावर. मागे दोरीवर कपडे वाळत होते आणि ते एका बाजूला सरळ ताणले गेले होते, इतका वारा. खाली जमीन पांढरट पडलेली. आणि ओळींच्या मधून गुडघाभर खोलीचे सुंदर, सरळ चर खणलेले, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून.

मी विचारलं, "ठिबक का बंद आहे?"

तिनं प्रत उघडली, पान काढलं आणि वाचून दाखवलं: जुलै ते सप्टेंबर ठिबक बंद ठेवावे, पाणी साचू देऊ नये, चर काढून निचरा करावा. आडोसा पश्चिमेला आणि उत्तरेला लावावा. वाचून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, सगळं केलंय."

खरंच केलं होतं. पश्चिमेला आणि उत्तरेला झाडांची दाट ओळ होती. वारा दक्षिणेकडून येत होता, आणि ती बाजू उघडी होती.

"तुमच्याकडे पाऊस कधी पडतो?" मी विचारलं. चार महिन्यांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत होते.

"मोठा पाऊस मार्चमध्ये येतो, मेमध्ये संपतो. मग दक्षिणेचा वारा आणि कोरडं. ऑक्टोबरात छोटा पाऊस."

 बेट विषुववृत्ताच्या पलीकडे. शाळेत नकाशावर बोट ठेवून शिकलेली गोष्ट. मी वहीत जून लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात मृगाचा पाऊस होता, जुलै लिहिलं तेव्हा पाणी तुंबून वाफसा गेलेली जमीन होती, पश्चिम लिहिलं तेव्हा आमच्या उन्हाळ्यातला भाजून काढणारा वारा होता. मी जळगाव जिल्हा घडी घालून त्या वहीत भरला आणि समुद्रापार पाठवून दिला. त्या मुलांनी तो इमानानं उलगडून आपल्या जमिनीवर अंथरला. सुक्या जमिनीत चर खणले, तहानलेल्या रोपांचं पाणी बंद ठेवलं, कारण पुस्तकात तसं होतं.

"तुम्ही कुणी बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला होता, तो मी खाली आणला.

तिनं प्रत मिटली. "आजी म्हणाली होती, या दिवसांत केळ लावत नाहीत. पण आम्हाला वाटलं विद्यापीठाला जास्त माहीत असेल." मग तिचा चेहरा बारीक झाला. "इथले सर आम्हाला रोज विचारतात, तुम्ही काय चुकलात ते शोधा. आम्ही प्रत तीनदा तपासली. मॅडम, आमचं कुठं चुकलं?"

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "माझं चुकलं. ही योजना मी लिहिली आहे. सगळ्यांना बोलाव, सगळ्यांना सांगते."

सोळा चेहरे त्या छोट्या पडद्यात दाटीवाटीनं आले आणि मी माझ्या मोडक्या हिंदीत, हातवारे करून, त्यांना सांगितलं. त्या मुलीनं त्यांच्या भाषेत केलं. आणि लगेच मी म्हटलं, आता रडत बसायचं नाही, आत्ता ठिबक सोडा, सकाळ-संध्याकाळ, चर बुजवा, दक्षिणेला काहीतरी आडवं करा. दुसऱ्या दिवशी फोटो आला: नारळाच्या झावळ्या विणून त्यांनी दक्षिणेला भिंतच उभी केली होती. विणकाम आजीचं. एक तृतीयांश रोपं त्या झावळ्यांनी वाचवली.

अक्कांना मी त्याच दुपारी टिश्यूच्या खोलीबाहेर गाठलं. सगळं सांगितलं, साहेबांच्या चहासकट. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "केयीले क्यालेंडर कयत नाही, माय. तिले पानी कयते." मग हात पुसत विचारलं, "आता तू हे सांगशीन, तं तुले पाठवतीन का?"

"नाही पाठवणार."

"मंग काहाले सांगते? लिही माह्यं नाव. मी तं घरीच चालली. तू जाय."

मला असा राग आला की मी अक्कांवर ओरडले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, तुमच्या हातची एक बाटली कधी खराब निघाली नाही आणि शेवटच्या वर्षी मी तुमच्यावर डाग लावू? मग तिथं जाऊन मी त्या पोरांना काय शिकवणार होते, खत?  अक्का आत गेल्या आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या.

बैठकीच्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं धुळ्याला गेले. पारोळ्यापर्यंत बोलायचं पाठ करत होते, पुढे सोडून दिलं. मोठं टेबल, कुलगुरू, सह्या करणारे सहाच्या सहा, आणि भिंतीवरच्या पडद्यावर बेटावरच्या शाखेचे प्रमुख. माझी खुर्ची भिंतीकडेची. साहेबांनी सुरुवात केली, रोपांच्या गुणवत्तेविषयी शंका घ्यायला जागा आहे वगैरे. मी उभी राहिले. कुणी विचारलं नव्हतं.

"मराठीत बोलते," मी म्हटलं. "इंग्रजीत बोलले तर अर्धंच सांगता येईल, आणि मला पूर्ण सांगायचंय."

सांगितलं. जून, जुलै, चर, दक्षिणेचा वारा, मार्चचा पाऊस, सगळं. म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं असं करू नका, रोपं उत्तम होती, ती ज्या खोलीतून गेली त्या खोलीत आजवर दोष निघालेला नाही. मुलांनीही चूक केली नाही. चूक योजनेत आहे. त्यावर नाव साहेबांचं असलं तरी महिने माझे आहेत.

कुलगुरूंनी समोरची प्रत उचलली आणि चाळून बघायला लागले. कोपऱ्यात एक वयस्कर प्राध्यापक होते, सह्या करणाऱ्यांपैकी, शिरपूरकडचे. ते सावकाश म्हणाले, "हे मी वाचलंय. जूनमध्ये लागवड वाचलं आणि पुढे गेलो. मला ते बरोबरच वाटलं." दुसरे म्हणाले, मलाही. सहाही जण खानदेशी, सहाही शेतकऱ्याच्या घरचे. जूनमध्ये पाऊस नसतो अशी जागा जगात असते हे एकाच्याही मनात आलं नव्हतं. 

पण चूक ती चूक. कुलगुरू सभ्य माणूस, आवाज न चढवता म्हणाले की अशा परिस्थितीत माझा हुकूम रद्द करावा लागेल, दुसरा माणूस बघावा लागेल. मी म्हटलं, "बरोबर आहे." मग म्हटलं, "एक मागते. योजना मला परत लिहू द्या. जाईल दुसरा, पण लिहीन मी. आणि या वेळी नाव माझं टाका, म्हणजे चुकली तर कुणाला धरायचं ते शोधावं लागणार नाही." कुलगुरूंच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते म्हणाले, लिहा.

परतीच्या बसमध्ये मात्र रडले. खिडकीकडे तोंड करून, पदर डोळ्यांना लावून, व्यवस्थित रडले. घरी सासूनं माझ्याकडे एकदा बघितलं. "खरं बोलनी ना तू?" मी मान हलवली. "मंग जेवाले बस," ती म्हणाली आणि ताटात कळण्याची भाकरी वाढली. गल्लीतल्या वहिनींना काय सांगायचं याची जबाबदारीही तिनंच घेतली. काय सांगितलं ते मला आजपर्यंत माहीत नाही, पण पुन्हा कुणी मला थंडीचं विचारलं नाही.

नवी योजना लिहायला पाच महिने लागले. आधीची मी पाच आठवड्यांत लिहिली होती. आता दर बुधवारी त्या मुलीबरोबर तिची आजीही पडद्यासमोर बसायची. डोक्याला रंगीत कापड, हातात सदा काहीतरी विणकाम, आणि माझ्यापेक्षा फाटकं तोंड. मी विचारायचे, नात भाषांतर करायची, आजी आधी हसायची आणि मग उत्तर द्यायची. वारा कुठून येतो, कुठल्या महिन्यात फिरतो. पहिलं पाणी पडल्यावर किती दिवस थांबता. पिलं किती ठेवता. आजी दोन ठेवायची, आम्ही एकच ठेवतो. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं, आणि शेवटी अर्ध्या ओळी तिच्या, अर्ध्या माझ्या असं ठरलं. नव्या वहीत मी एकाही महिन्याचं नाव लिहिलं नाही. प्रत्येक पानावर वर एक प्रश्न आणि खाली रिकामी जागा. पहिला पाऊस तुमच्याकडे कधी पडतो, ते भरा. मग त्याच्यापुढे मोजा. साहेब म्हणाले, "बाई, ही योजना आहे की परीक्षेचा पेपर?" मी म्हटलं, "पेपरच आहे. मागच्या वेळी आपण तो न वाचताच सोडवला होता."

मार्चमध्ये त्यांचा मोठा पाऊस आला आणि बाग लागली. रोपं पुन्हा अक्कांच्याच बाटल्यांतली. ते अक्कांचं शेवटचं काम. त्यांच्या निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, आणि बोलता बोलता थांबून, सगळ्यांसमोर, मागच्या वर्षी मी अक्कांवर चुकीची शंका घेतली होती असं म्हणाले. मला ते अपेक्षित नव्हतं. माणसाबद्दल मत इतकं पक्कं करून ठेवू नये, हे मला त्या दिवशी कळलं. अक्का मात्र शेजारी बसून माझ्या कानात कुजबुजत होत्या की समोसे गार होऊन राहिले.

त्यानंतर बाग वाढत गेली आणि आम्ही बघत गेलो. दर बुधवारी अकराच्या आधीच टिश्यूतल्या बायका, ट्रॅक्टरवाले, कार्यालयातला शिपाई, सगळे माझ्या टेबलाभोवती जमायचे. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणून आम्हाला हसणारे साहेबही मागे उभे राहायचे. पानं रुंद झाली, बुंधे भरले. एका बुधवारी ती मुलगी फोन घेऊन चालत राहिली आणि एका झाडापाशी थांबली. वरून जांभळट कमळ बाहेर डोकावत होतं. बाग निसवली होती. माझ्यामागे कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी अक्कांना घरी फोन लावला आणि तो फोन त्या फोनसमोर धरला, म्हणजे त्यांनाही दिसावं.

पहिले घड कापले तेव्हा आम्ही तराजूचा काटा इकडून वाचला. एकोणतीस किलो. माझ्या ओळीतला. आजीच्या ओळीतले घड लहान, पण खड्ड्यामागे दोन. आजी म्हणाली, बघ. मी म्हटलं, तुम्ही बघा. भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मिटूही नये.

त्याच महिन्यात मला धुळ्याला बोलावणं आलं. प्रात्यक्षिकाच्या अजून रिकाम्या जागेसाठी निवड व्हायची होती, आणि माझ्या कानावर होतं की यादीत तीन नावं आहेत, तिन्ही डॉक्टर. मला वाटलं निवडलेल्या माणसाला वही समजावून सांगायला बोलावलं असेल. पूर्ण तयारीनं गेले, वही घेऊन.

खोलीत कुलगुरू एकटेच होते. त्यांनी मला समोरची खुर्ची दाखवली, भिंतीकडेची नाही. म्हणाले, यादी आम्ही तिकडे पाठवली होती, तिथून हे आलं. आणि एक पत्र मराठी करून वाचून दाखवलं. खाली सोळा सह्या होत्या.

"आमची पहिली बाग मेली तेव्हा सगळ्यांनी आम्हाला विचारलं, तुमचं काय चुकलं. फक्त एका शिक्षिकेनं सांगितलं की तुमचं काही चुकलं नाही, माझं चुकलं. त्यासाठी त्यांना इकडे येता आलं नाही हे आम्हाला नंतर कळलं. यादीतले तिघेही विद्वान आहेत. पण आम्हाला त्या शिक्षिकेकडून शिकायचं आहे."

कुलगुरूंनी पत्र खाली ठेवलं. शेजारी नवा हुकूम होता, सही केलेला. "काय म्हणता?" त्यांनी विचारलं.

माझ्यासारखी बाई, आणि डोळे भरून आले. कुलगुरूंनी नजर दुसरीकडे वळवली, एवढं त्यांना कळत होतं. मी नाक पुसलं, हुकूम उचलून वहीत ठेवला.

"त्यांच्याकडे मोठा पाऊस मार्चमध्ये लागतो," मी म्हटलं. "त्याच्या आधी मला तिथं पोचवा."